परत आल्यावर अमेरिकेतलं बँक खातं सारखं अडकतंय?

आम्ही जून 2019 मध्ये न्यू जर्सीहून पुण्याला परत आलो. अकरा वर्षांचा संसार आवरताना बँकेच्या शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारला होता: आम्ही भारतात गेल्यावर हे खातं चालू राहील ना? काउंटरवरच्या मुलीने "हो, नक्की" म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पुढच्या दीड वर्षात ते खातं तीनदा गोठलं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्यांदा फोन नंबर, दुसऱ्यांदा टपाल, तिसऱ्यांदा कराचा एक फॉर्म.

त्यानंतर नात्यातल्या, सोसायटीतल्या, नवऱ्याच्या ऑफिसातल्या परत आलेल्या दहा-बारा घरांसाठी मी हीच गाठ सोडवायला बसले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. देश सोडला म्हणून खातं बंद पडतं असं क्वचितच होतं. बँकेने हाक मारली आणि तुमच्याकडून ओ आली नाही, की ते बंद पडतं. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं बँकेची हाक आपल्यापर्यंत पोचती कशी ठेवायची याबद्दल आहे.

आधी एक भीती दूर करते, कारण फोनवर लोक हळू आवाजात हेच विचारतात: परत आल्यावर असं खातं ठेवणं बेकायदा आहे का? नाही. परकीय चलनाबाबतच्या फेमा कायद्याच्या कलम 6(4) नुसार, परदेशात राहत असताना तिथे मिळवलेला पैसा, शेअर, घर भारतात परतल्यावरही तिथेच ठेवता येतं. त्यावरचं व्याज आणि उत्पन्नही तिथे राहू शकतं, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. बदलावी लागतात ती भारतातली एनआरई आणि एनआरओ खाती, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीची खाती. तिथे बँकेला कळवून ती निवासी खाती करून घ्यायची, किंवा एनआरईतली रक्कम आरएफसी खात्यात (परत आलेल्यांना परकीय चलन ठेवता येतं असं भारतातलं खातं) वळवायची.

कोड येत नाही, खातं उघडत नाही

शंभरातल्या बहुतेक अडचणी इथेच आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

आम्ही निघताना नवऱ्याचा अमेरिकी मोबाइल नंबर बंद केला. दरमहा पन्नास डॉलर कशाला भरायचे, हा विचार. नोव्हेंबरमध्ये लॉगिन करायला गेलो तर पडद्यावर आलं की शेवटी 42 असलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे. तो नंबर आता आमचा नव्हता. अमेरिकेत बंद झालेला नंबर किमान 45 दिवस रिकामा ठेवतात आणि मग तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. म्हणजे आमच्या खात्याचे कोड कुणा परक्याच्या फोनवर जाण्याची शक्यता होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे विचारले, सगळं बरोबर सांगितलं, आणि शेवटी त्या बाई म्हणाल्या, "आता तुमच्या नंबरवर एक कोड पाठवते." गोल फिरून तिथेच. पुढचा पर्याय होता शाखेत स्वतः हजर राहणं. तोही शक्य नव्हता. शेवटी बँकेने एक फॉर्म ईमेलने पाठवला आणि त्यावरची सही अमेरिकी नोटरीसमोर हवी असं सांगितलं.

भारतात अशी सही मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. ऑनलाइन वेळ घ्यायची, एका शिक्क्याचे 50 डॉलर. मोबाइल आत नेता येत नाही. हातात फक्त पारदर्शक पिशवी, तीत पासपोर्ट आणि फॉर्म. रांगेत आमच्या पुढे सातारचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी घरूनच नीट, वळणदार सही करून आणली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने फॉर्म परत दिला, कारण सही त्यांच्या समोरच व्हावी लागते. त्यांच्याकडे दुसरी कोरी प्रत नव्हती. आमच्याकडे दोन होत्या, पण त्या आमच्या खात्याच्या. म्हणून सांगते: सही करायची रेघ कोरी ठेवा आणि कोऱ्या दोन प्रती जवळ ठेवा.

हे सगळं टाळायचा उपाय अमेरिका सोडण्याआधीचा आहे, आणि तो स्वस्त आहे. जुना नंबर बंद करू नका. तो महिना तीन ते पाच डॉलरच्या एखाद्या प्रीपेड कंपनीकडे पोर्ट करून घ्या. पोर्टिंग होतं ते नंबर चालू असतानाच, एकदा तोडला की गेला. पोर्ट झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. त्यात आपत्कालीन सेवेसाठी अमेरिकेतला पत्ता विचारतात, म्हणून हे काम तिथे असतानाच उरका. ते एकदा चालू झालं की पुण्यातल्या घरच्या वायफायवर मेसेज तसाच येतो जसा तिकडे यायचा, रोमिंगचा पैसाही लागत नाही.

आमच्याकडे यासाठी एक जुना फोन वेगळा ठेवला आहे. राउटरशेजारच्या फळीवर, कायम चार्जरला. मागे पांढऱ्या चिकटपट्टीवर रिचार्जची तारीख लिहिली आहे, कारण प्रीपेड नंबर ठरावीक दिवस वापरला किंवा भरला नाही तर कंपनी तो काढून घेते. सासूबाई सुरुवातीला तो सारखा बंद करायच्या. मग त्यांना सांगितलं की या फोनवर आपल्या खात्याची किल्ली येते. आता वीज गेली की त्या आधी तो फोन बघतात.

बरेच जण इंटरनेटवर चालणारा फुकट नंबर, म्हणजे गूगल व्हॉइससारखी सोय, सुचवतात. मित्रांशी बोलायला ती उत्तम आहे. बँकेसाठी तिच्यावर विसंबू नका. पुष्कळ बँका असे नंबर ओळखतात आणि त्यांवर कोड पाठवतच नाहीत. आज चालतं आणि सहा महिन्यांनी चालेनासं होतं, असं माझ्या बहिणीच्या बाबतीत झालं.

तुमची बँक कोडऐवजी ॲपमधून मंजुरी किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली लॉगिनची किल्ली) देत असेल तर तीही जोडून ठेवा. एक वाट बुजली तर दुसरी हवी. आणि व्हीपीएन लावून अमेरिकेतूनच लॉगिन करतोय असं भासवू नका. त्या व्हीपीएनचा पत्ता हजारो लोक वापरत असतात, बँकेला तोच जास्त संशयास्पद वाटतो. घरचं नेहमीचं वायफाय, नेहमीचा लॅपटॉप, आणि भारतात राहतो हे बँकेच्या नोंदीत असणं, यानेच खातं शांत राहतं.

टपाल परत गेलं म्हणून गोठलेलं खातं

निघताना आम्ही पत्ता दिला होता नवऱ्याच्या मित्राचा. तो फार सज्जन माणूस. आमची पाकिटं उघडून फोटो पाठवायचा. पण 2020 मध्ये त्याने घर बदललं. टपाल खात्याला त्याने स्वतःचा नवा पत्ता कळवला, पण ते टपाल पुढे पाठवतात ते घर बदलणाऱ्याच्या नावाचं. आमच्या नावाची पाकिटं जुन्याच दारावर जात राहिली. शिवाय बँकांच्या बऱ्याच पाकिटांवर लिहिलेलंच असतं की माणूस सापडला नाही तर परत पाठवा. आमचं नवं डेबिट कार्ड असंच परत गेलं. बँकेच्या नोंदीत आलं "टपाल परत", आणि खात्यातून पैसे काढणं थांबलं.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. मित्राचा पत्ता राहता पत्ता म्हणून देऊ नका. मित्राचं प्रेम कमी पडतं म्हणून नव्हे. अमेरिकी कायद्याने बँकेला ग्राहकाचा खरा राहता पत्ता ठेवावा लागतो, आणि तिथे तुम्ही राहत नाही हे कधी ना कधी उघड होतं. पैसे देऊन मिळणारी टपालपेटीही राहता पत्ता म्हणून चालत नाही. अशा पेट्यांचे पत्ते बँकांच्या यादीत खुणा केलेले असतात.

निघण्याआधी शाखेत थेट विचारा: जुन्या ग्राहकाला भारतातला पत्ता नोंदवता येतो का? काही बँका सहज नोंदवतात, काही फक्त शाखेत समोर बसून, काही अजिबात नाही. जी बँक नाही म्हणते तिथलं खातं तिथेच बंद करून नोंदवणाऱ्या बँकेत उघडा. भारतात आल्यावर नवं खातं उघडणं फार अवघड होतं. अमेरिकेत असताना ते अर्ध्या तासाचं काम असतं.

पत्ता लिहिताना एक बारीक गोष्ट. आपले पत्ते लांब असतात. आमचा पहिल्यांदा लिहिला तो असा: फ्लॅट, विंग, सोसायटीचं पूर्ण नाव, कुठल्या मंगल कार्यालयासमोर, कुठल्या चौकाजवळ. त्यांच्या संगणकाने ओळ मध्येच कापली आणि छापला तो फक्त मंगल कार्यालयापर्यंतचा. आता फक्त फ्लॅट नंबर, इमारत, रस्ता, पुणे आणि पिन कोड देतो. कार्ड संपायच्या दोन महिने आधी फोन करून नवं मागवायचं आणि कुरिअरने पाठवता का ते विचारायचं. स्टेटमेंट कागदाऐवजी ईमेलवर घ्यायची, म्हणजे परत जायला पाकीटच उरत नाही.

कराचा फॉर्म

अमेरिकेत काम करत असताना बँकेकडे तुमचा डब्ल्यू-9 असतो. तो सांगतो की मी करासाठी अमेरिकेचा रहिवासी आहे. परत आल्यावर, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल, तर हे विधान खरं राहत नाही. त्याच्या जागी डब्ल्यू-8 बेन द्यायचा असतो. तो सहसा सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालतो. 2024 मध्ये कधीही सही केली असेल तर 31 डिसेंबर 2027 पर्यंत. तो दिलाच नाही, किंवा संपल्यावर नवा गेला नाही, तर बँक व्याजातून 24 टक्के कापून घेऊ शकते, किंवा आमच्यासारखं खात्याला कुलूप लावते.

या फॉर्मवर कायमचा पत्ता खरा, भारतातला लागतो, कुणाच्या मार्फत असलेला चालत नाही. आणि खात्यावर मित्राचा अमेरिकी पत्ता असला तर दोन्ही जुळत नाहीत, मग बँक आणखी पुरावे मागते. पत्त्याबद्दल मी एवढा आग्रह धरते त्यामागे हेही कारण आहे.

हा फॉर्म वेळेवर देण्याचा एक फायदा लोकांना माहीतच नसतो. अनिवासी परकीयाला, म्हणजे करासाठी अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी माणसाला, अमेरिकी बँकेतल्या साध्या ठेवींच्या व्याजावर तिथे कर नाही. इकडे भारतात पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांचा दर्जा आरएनओआर (करासाठी निवासी, पण अजून पूर्ण निवासी नाही) असतो, आणि त्या काळात परदेशातल्या व्याजावर इथेही कर नसतो. (ग्रीन कार्डवाल्यांचं आणि नागरिकांचं वेगळं. त्यांनी डब्ल्यू-9 च ठेवायचा, तिथलं रिटर्न भरत राहायचं, आणि भारतातल्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायचा.)

डिपेंडंट व्हिसावर राहिलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठी एक वेगळी आठवण. माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, त्याऐवजी करासाठी मिळणारा आयटीआयएन हा नंबर होता. तो लागोपाठ तीन वर्षं तिथल्या रिटर्नमध्ये वापरला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो. संयुक्त खात्यात तोच नोंदवलेला असेल तर फॉर्म भरताना याकडे लक्ष असू द्या.

शुल्क आणि शांत पडलेलं खातं

पगार जमा होत होता तोवर खात्याला महिन्याचं शुल्क नव्हतं. पगार थांबला की बऱ्याच बँका महिना बारा-पंधरा डॉलर कापायला लागतात. शिल्लक कमी असेल तर ती वर्षभरात संपते, खातं उणे होतं, आणि ती नोंद चेक्ससिस्टम्समध्ये, म्हणजे बँका ग्राहकाचा जुना इतिहास जिथे तपासतात तिथे, पाच वर्षं राहते. म्हणून निघण्याआधी बिनशुल्क खात्यात बदलून घ्या किंवा लागणारी किमान शिल्लक ठेवा.

दुसरं म्हणजे हालचाल. वर्षानुवर्षं काहीच व्यवहार आणि संपर्क नसला तर बँकेला तो पैसा बेवारस म्हणून राज्य सरकारकडे द्यावा लागतो. मुदत राज्याराज्यात वेगळी आहे. कॅलिफोर्नियात आणि न्यू यॉर्कमध्ये तीन वर्षं. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज ही तुमची हालचाल धरली जात नाही. द्यायच्या आधी बँक पत्र पाठवते, आणि ते जातं नोंदलेल्या पत्त्यावर. पैसा गेला असला तरी बुडत नाही. त्या राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या संकेतस्थळावर नाव शोधून दावा करता येतो. पण दाव्यासाठी त्या जुन्या पत्त्यावर तुम्ही राहत होता याचा पुरावा लागतो, म्हणून जुनी दोन-चार वीजबिलं आणि डब्ल्यू-2 (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद) टाकून देऊ नका.

मी दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच डॉलर बचत खात्यातून चेकिंगमध्ये फिरवते आणि वर्षाची सगळी स्टेटमेंट उतरवून घेते. जानेवारीच का, ते पुढच्या भागात.

इकडचं रिटर्न

आरएनओआर संपून तुम्ही पूर्ण निवासी झालात की आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं. त्यात खातं, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक, अखेरची शिल्लक आणि व्याज, सगळं रुपयांत. इथे बहुतेक सगळे चुकतात ते वर्षाच्या बाबतीत. हे शेड्यूल एप्रिल ते मार्चचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं आहे. आर्थिक वर्ष 2024-25 च्या रिटर्नमध्ये 2024 या कॅलेंडर वर्षाचे आकडे. म्हणून जानेवारीतली स्टेटमेंट. सोपं आयटीआर-1 अशा वेळी चालत नाही.

खात्यात दोनशे डॉलर असले तरी दाखवायचं. काळा पैसा कायदा, 2015 नुसार न दाखवल्याचा दंड 10 लाख रुपये आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून, घरजमीन सोडून परदेशातल्या मालमत्तेची एकूण किंमत 20 लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवण्याची जबाबदारी तशीच राहते. अमेरिका आणि भारत 2015 च्या करारानुसार एकमेकांना खात्यांची माहिती देतात, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये आयकर खात्याने अशा माहितीवरून लोकांना संदेश पाठवून रिटर्न सुधारायला सांगितलं होतं.

इथे आईवडिलांची काळजी घ्या. मुलं तिकडे असताना "काही झालं तर" म्हणून आईचं नाव खात्यात घालतात. आई नागपुरात, उत्पन्न फक्त पेन्शनचं, तिने त्या खात्यातला डॉलर कधी पाहिलेला नसतो. तरी तिचं नाव खात्यावर आहे, म्हणून तिच्या रिटर्नचा प्रश्न उभा राहतो, कर लागत नसला तरी. तिचं नाव संयुक्त खातेदार म्हणून ठेवायची खरंच गरज आहे का, हे सीएशी बोलून ठरवा.

हेतू फक्त "माझ्या मागे पैसा घरच्यांना मिळावा" एवढाच असेल तर त्यासाठी पीओडी लाभार्थी, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम ज्याला मिळेल तो, नेमायची सोय आहे. नाव आधी दिलेलं असलं की घरच्यांना मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दाखवून रक्कम मिळते, तिथल्या कोर्टाची वाट धरावी लागत नाही. अनिवासी परकीयाच्या साध्या बँक ठेवींवर तिथला वारसा कर लागत नाही. मात्र अमेरिकी शेअर ठेवले असतील तर 60,000 डॉलरच्या वर तो लागू शकतो. ज्यांचे शेअर तिथे आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

ठेवायचं की बंद करायचं

एक खातं बहुतेकांनी निदान दोन वर्षं ठेवावं असं मला वाटतं. शेवटचा टॅक्स रिफंड यायचा असतो, घरमालकाकडची अनामत यायची असते, 401(के) मधली, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचतीची, रक्कम कधीतरी काढायची असते. अमेरिकी सरकारने 30 सप्टेंबर 2025 पासून रिफंडचे कागदी चेक बंद करायला सुरुवात केली आहे, पैसे थेट खात्यात येतात. आणि चेक आलाच तरी आपल्याकडच्या पुष्कळ बँका डॉलरचा चेक घेतच नाहीत. पण तीन-चार खाती ठेवू नका. प्रत्येकाचा फोन, पत्ता, फॉर्म आणि शेड्यूलमधली ओळ वेगळी सांभाळावी लागते. एक बिनशुल्क खातं पुरे.

बंद करायची वेळ आली की आधी सगळी येणी आल्याची खात्री करा, मग शिल्लक आरएफसी किंवा निवासी खात्यात वायरने (बँकेतून बँकेत थेट पाठवून) आणा. वायरचं शुल्क वजा होतं, म्हणून शेवटचे काही डॉलर शिल्लक ठेवून बंद करायचा अर्ज द्या आणि उरलेली रक्कमही पाठवायला सांगा. खातं शून्यावर बंद झाल्याचं पत्र ईमेलने मागून घ्या, आणि त्या वर्षाची स्टेटमेंट लॉगिन बंद व्हायच्या आधी उतरवा. ज्या कॅलेंडर वर्षात खातं बंद झालं त्या वर्षाच्या शेड्यूलमध्येही ते दाखवावं लागतं, आणि तोपर्यंत लॉगिन गेलेलं असतं.